सामना अर्धा टाकून

कोल्हापुरात फुटबॉलचा एक शिरस्ता आहे. शिट्टी वाजल्याशिवाय मैदानावरनं उठायचं नाही. आपली पेठ चार गोलनं मार खाऊ दे, ऊन डोकं फोडू दे, शेजारच्यानं दगड मारू दे, उठायचं नाही. अर्धा सामना टाकून उठला तो वर्षभर पेठेत तोंड दाखवू शकत नाही. हे मला बापानं शिकवलं आणि लग्नानंतर बायकोनं त्याच्या दुप्पट शिकवलं. ती आमच्या हाडवैरी पेठेची. तिच्या माहेरच्या तालमीच्या संघाची जर्सी पिवळी. लग्नाच्या मांडवात तिच्या थोरल्या भावानं माझ्या कानात सांगितलं होतं, "पोरगी दिली म्हणजे कप दिला असं समजू नको." मी पिठाची गिरणी चालवणारा, चौथी पास माणूस. मी म्हटलं, "कप आमच्याकडं हायच. पोरगी तेवढी कमी होती."

तर अशी शिट्टीपर्यंत बसणारी बाई, ती सीझन अर्धा टाकून उठून गेली. त्याचा मला राग आहे. लोक म्हणतात दुःख आहे. दुःख असेल ते असेल, मला राग आहे.

अमेरिकेत ट्रॉयला आम्ही पोराकडं आलो ते तिची किडनी बिघडल्यावर. पोरगा इथं मोटारींच्या कंपनीत कम्प्युटरचं काम करतो. सून पुण्याची, तीही नोकरी करते. घर मोठं, रस्ते मोठे, रस्त्यावर माणूस नाही. आठवड्यातनं तीनदा डायलिसिस. त्यातला एक शनिवार, सकाळी. सेंटर म्हणजे गाद्यांच्या दुकानाशेजारचं एक लांबट दुकानच. आत खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीला एक छोटा टीव्ही. तिच्या खुर्चीच्या टीव्हीवर कुणीतरी खेळाचं चॅनेल लावून ठेवलेलं, आणि ते बदलायचं कसं हे ना तिला माहीत ना मला.

पहिल्याच शनिवारी त्यावर फुटबॉल लागला. हिनं डोळे उघडले. मशीन रक्त ओढतंय, हात बांधलेला, आणि ही म्हणते, "अहो, पिवळे."

फ्रान्सातली बी डिव्हिजन होती ती. हे पुढं सुनेनं फोनवर बघून सांगितलं. कुठल्यातरी बंदराच्या गावचा संघ. सदा पाऊस. मैदानाच्या एका बाजूला माणसंच नाहीत, दुसऱ्या बाजूला एकजण ढोल बडवतोय. आमच्या पेठेच्या मॅचला याहून जास्त माणूस नुसता कौलांवर बसलेला असायचा. आणि खेळ? खेळ म्हणावा असा नव्हता. मी म्हटलं, "हे गुडघ्यानं खेळतात की काय?"

"गप बसा. पिवळे हायत. मी बघतो."

मी बघतो. कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात, मी येतो, मी जातो, मी खातो. सुनेला पहिल्यांदा हसू आवरायचं नाही. तिनं एकदा विचारलं, "आई, तुम्ही 'येतो' का म्हणता? 'येते' ना?" ही म्हणाली, "येते म्हणून बसून राहण्यापेक्षा येतो म्हणून आलेलं बरं." 

मग ते लागूनच गेलं. कधी शनिवारी सकाळी सेंटरमध्ये, कधी शुक्रवारी दुपारी घरात, कारण तिकडं रात्र असते तेव्हा इथं दुपार. पोरानं घरच्या टीव्हीला ते चॅनेल घेऊन दिलं. म्हणाला, "आईला काहीतरी एंटरटेनमेंट हवी." दोघं कामावर गेलेले, आम्ही दोघं सोफ्यावर. कॉमेंट्री इंग्रजीत, नावं फ्रेंच, आम्हाला दोन्ही सारखंच. हिनं सगळ्यांची नावं ठेवली. गोलकीपर टकल्या. डाव्या अंगानं पळणारा काटकुळा, कारण त्याच्या पायात काठीएवढंही मांस नव्हतं. काटकुळ्यावर तिचा जीव आणि तोंडसुखही त्याच्यावरच. "पळ की मेल्या! आईनं जेवायला घातलं न्हाई काय?" मग माझ्याकडं वळून, "बघा, दम लागलाय बिचाऱ्याला."

पिवळे हरत होते. लाजबिज नाही, निव्वळ हरत होते. त्या डिव्हिजनमधनं वर्षाच्या शेवटी तळाचे दोन संघ थेट खाली जातात. त्यांच्या वरचा जो असतो त्याला खालच्या डिव्हिजनमधल्या एकाशी दोन सामने खेळून आपली जागा राखावी लागते. पिवळे त्या तिघांत कुठंतरी लटकलेले. मी म्हणायचो, जाणार खाली. ती म्हणायची, "तग धरतील."

तग हा शब्द त्या दिवसांत घरात रोज वापरला जायचा. डॉक्टर बोलला की पोरगा मराठीत सांगायचा आणि सांगताना अर्धं गिळायचा. ही विचारायची, "तग धरीन का न्हाई तेवढं विचार." पोरगा म्हणायचा, "आई, तसं काही नसतं गं." तसंच असतं. मी गिरणीचा माणूस. पट्टा कधी तुटणार हे आवाजावरनं कळतं.

नाताळच्या सुट्टीआधीचा शेवटचा सामना बरोबरीत सुटला. शनिवार होता, ती खुर्चीत. टकल्यानं शेवटच्या घटकेला एक चेंडू अंगावर घेतला, नुसता अंगावर, हात वगैरे काही नाही. ही हसली. हसल्यावर मशीन ओरडायला लागलं, नर्स धावत आली. नर्स गेल्यावर ही म्हणाली, "आता कधी हाय?"

मी म्हटलं, "नव्या वर्षात. सुट्टी हाय त्यांना."

"बरं. तंवर थांबतो की."

थांबली नाही. नवं वर्ष उजाडायच्या आत गेली. मला सांगा, तसं म्हणायचं कशाला मग?

आता दहाव्याचं सांगतो, कारण माझा खरा भडका तिथनं आहे.

पार्कातल्या तळ्याकाठी दहावा केला. बर्फ. लोक उन्हाळ्यात मटण भाजतात त्या लाकडी टेबलावर पिंड मांडले. गुरुजी म्हणजे सोमवार ते शुक्रवार ऑफिसात बसणारा मुंबईचा पोरगा, धोतरावर जाड जॅकेट, पायात बूट. मंत्र चांगले म्हणाला, खोटं कशाला बोलू. पिंड बाजूला ठेवले आणि आम्ही कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. पोरगा, सून, त्यांचे चारपाच मित्र, सगळ्यांचे हात खिशात.

कावळे होते. लांब झाडावर दोन बसलेले मी डोळ्यांनी बघितले. यायला वेळ लावत होते. कावळा वेळ लावतो, त्याचा अर्थ आमच्याकडं शेंबड्या पोराला कळतो. गेलेल्या माणसाचं मन कशाततरी अडकलंय. मग घरातला कुणीतरी पुढं होतो आणि सांगतो, तुझ्या पोराचं लग्न करीन, तुझ्या आईला सांभाळीन, जे काय असेल ते. आणि कावळा शिवतो.

मला माहीत होतं कशात अडकलंय. पोराची तिला काळजी नव्हती, त्याचं चांगलं चाललंय. मी पुढं झालो आणि मोठ्यानं म्हटलं, "अगं, पिवळ्यांचं मी बघतो. शेवटपर्यंत बघतो. राहिले का गेले ते तुला येऊन सांगतो."

मागं कुणीतरी खोकलं. पोरानं माझा दंड धरला. "बाबा, प्लीज. लोक आहेत."

"लोक असूदेत. तिला सांगायलोय."

"बाबा, नंतर बोलू."

आणि मी त्याच्याशी बोलतोय तेवढ्यात गुरुजीनं पिशवीतनं दर्भ काढला, त्याला गाठ मारली, कावळ्यासारखं काहीतरी केलं आणि पिंडाला टेकवलं. झालं. मी म्हटलं, "हे काय?"

"काका, कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा चालतो. शास्त्रात सोय आहे."

"शास्त्रात सोय हाय का तुम्हाला थंडी वाजायली?"

 सुनेनं माझ्या खांद्यावर शाल टाकली. आम्ही गाडीत बसलो. मागं वळून बघितलं तर दोन्ही कावळे झाडावरच. माझं वचन तिनं ऐकलं का गवताच्या गाठीनं मधेच दार लावून घेतलं, हे मला कोण सांगणार? एवढं आयुष्य काढलेल्या बाईला निरोप देताना यांना पाय गोठायची भीती.

वचन दिलं होतं, ते पाळायचं होतं. सुट्टी संपली तसा शुक्रवारी दुपारी मी टीव्ही लावला. चॅनेल नाही. निळा पडदा आणि त्यावर इंग्रजीत काहीतरी. सगळी बटणं दाबली. संध्याकाळी पोरगा आला तेव्हा विचारलं.

"ते कॅन्सल केलं बाबा. आईसाठी होतं ना ते."

"मी बघत होतो की."

"तुम्ही? तुम्ही आईसोबत बसायचा. बाबा, ना तुम्हाला इंग्लिश येतं ना फ्रेंच. काय कळतं त्यात?"

"पाय कळतात."

तो बूट काढत होता. थांबला. म्हणाला, "हे बघा, तुम्ही दिवसभर तेच डोक्यात घेऊन बसू नका. मंडळात जा, सिनिअर्सचा ग्रुप आहे, कॅरम आहे. यू हॅव टु मूव्ह ऑन."

शेवटचं इंग्रजी मला कळलं. सगळ्यांनी मला ते इतक्यांदा सांगितलंय की पाठ झालंय. पुढं सरक म्हणे. मी काय रांगेत उभा आहे?

त्या रात्री मी जेवलो नाही. दुसरा दिवस शनिवार. सगळे झोपलेले असताना मी टोपी, हातमोजे, तिची लोकरीची शाल असं सगळं अंगावर घेतलं आणि सेंटरकडं चालत निघालो. गाडीनं जवळ वाटणारी जागा पायानं लांब असते. निम्म्या रस्त्याला फुटपाथच नाही, बर्फातनं चाललो. एका गाडीवाल्यानं थांबून काहीतरी विचारलं, मी हात हलवून त्याला पुढं घालवला. राग असला की थंडी लागत नाही, हे मात्र खरं.

सेंटरमधल्या नर्सनं मला ओळखलं. तिला वाटलं मी चुकून आलोय. माझ्याजवळ इंग्रजीचे तीनच शब्द होते. "वाइफ चेअर," मी म्हटलं. "टीव्ही."

तिनं तोंडावर हात ठेवला. तिला वाटलं असेल म्हातारं भ्रमिष्ट झालं. मी आत बघितलं. हिच्या खुर्चीत एक जाडजूड गोरा माणूस झोपलेला, तोंड उघडं. टीव्ही लावलेलाच, आणि त्यावर पिवळे खेळत होते. देवाशपथ खेळत होते. काटकुळा पळत होता. नर्स मला बाहेरच्या खोलीत बसवत होती आणि मी दाराच्या काचेतनं मान लांब करून बघत होतो. तेवढ्यात तिनं पोराला फोन केला.

पोरगा आला तो रात्रीच्या कपड्यांवर कोट घालून. नर्सशी गोड बोलला, सॉरी सॉरी म्हणाला. गाडीत बसल्यावर दार आपटलं.

"काय चाललंय बाबा? पडला असता म्हणजे? तो रस्ता चालायचा आहे का?"

"तू चॅनेल तोडलंस."

"एका चॅनेलसाठी?"

"चॅनेलसाठी न्हाई. तुझ्या आईला सांगायचंय मला. तुझ्यासमोर सांगितलं न्हवं? का तवा कान गोठले होते?"

"बाबा, ती गेली. आई गेली. कुणाला सांगणार तुम्ही?"

"ते माझं मी बघतो. तुझ्या गुरुजीचं गवत घेऊन न्हाई बसणार."

गाडी चालूच केली नव्हती त्यानं. दोन्ही हात चाकावर. मग तो समोरच्या गाद्यांच्या दुकानाकडं बघत बोलला, आणि आवाज एकदम वेगळा.

"शुक्रवारी मी लवकर आलो होतो एकदा. ती गेल्यानंतर. तुम्ही झोपला होता, टीव्ही चालू राहिला होता, जुनीच कुठली मॅच परत दाखवत होते. बाहेरच्या दारातून तो कॉमेंट्रीचा आवाज आला, ढोल आला. मला वाटलं आई बसलीय आत. बूटसुद्धा न काढता मी आत पळालो. म्हणून कॅन्सल केलं. मला नाही ऐकवत ते. झालं?"

 आता सांगतो की माझा राग विरघळला वगैरे असं काही झालं नाही. त्याचं दुःख त्याला होतं, मान्य. पण स्वतःला ऐकवत नाही म्हणून बापाचा टीव्ही तोडायचा? कान झाकायचे होते. हे मी त्याला बोललोही. "मग दार लावून वर बसायचं. दुसऱ्याची मॅच बंद करायची न्हाई."

तो म्हणाला, "ठीक आहे." गाडी चालू केली. पुढच्या शुक्रवारी चॅनेल होतं. कुणी परत घेतलं, त्यानं का सुनेनं, मी विचारलं नाही.

त्यानंतर मी एकही सामना सोडला नाही. शनिवारी पोरगा घरी असला की चहा घेऊन वर जायचा आणि दार लावायचा. जेवताना मात्र ताटात बघत विचारायचा, "काय झालं?" मी म्हणायचो, "हरले." सून म्हणायची, "परत?" एवढंच. एकदा जिंकले तेव्हा मी काहीच बोललो नाही, तर तोच म्हणाला, "म्हणजे जिंकले वाटतं."

वसंतात बर्फ गेला आणि पिवळे थोडे सुधारले. पण खेळात अक्कल नाही ती नाहीच. मी एकटा सोफ्यावर बसून तिच्या वाटच्याही शिव्या द्यायचो. मला तिच्यासारख्या जमत नाहीत. तिच्या शिवीत जेवायला वाढल्यासारखं काहीतरी असायचं. माझी शिवी म्हणजे नुसती शिवी. शेजारची जागा रिकामी, आणि मी काटकुळ्याला म्हणायचो, तुझ्यासाठी थांबतो म्हणाली होती ती, आणि तू कॉर्नरसुद्धा सरळ मारत नाहीस.

शेवटी व्हायचं तेच झालं. थेट खाली गेले नाहीत, पण तळातनं तिसरे राहिले. म्हणजे खालच्या डिव्हिजनवाल्यांशी दोन सामने. पहिला त्यांच्या गावात, तो एका गोलनं हरले. दुसरा आपल्या बंदराच्या गावी. त्या दुपारी पोरगा घरनं काम करत होता. वर होता. दार लावलेलं.

तो सामना मी उभ्यानं बघितला. जिना मधे करकरला, पण मी मागं वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भात लावला. सुनेला म्हटलं, तू ऑफिसला जा, मी करतो. भात निवला तसा गोळा केला, वर तीळ घातले, आणि मागच्या अंगणातल्या कट्ट्यावर ठेवला. शास्त्रात बसतं का नाही ते गुरुजीला विचारलं नाही. त्यानं आणखी काहीतरी गाठ मारून दिली असती.

खुर्ची ओढून बसलो आणि सांगायला लागलो. पहिल्यापासनं, कारण अर्धवट सांगितलेलं तिला खपत नव्हतं. नव्या वर्षातल्या पहिल्या सामन्याचं मी काचेतनं काय बघितलं ते. मार्चमध्ये टकल्याच्या खांद्याला लागलं तेव्हा एक पोरसवदा गोली आणला, त्यानं कसे लाडू खाल्ल्यासारखे गोल खाल्ले ते. मग शेवटचे दोन सामने. म्हटलं, "पहिला हरले, तुला सांगतो, काटकुळ्यामुळं हरले. मोकळा गोल पुढं होता आणि त्यानं आभाळात मारला. आता दुसरा ऐक. पाऊस. ढोलवाले दोन होते या वेळी. हाफटाइमपर्यंत शून्य. मग हाफटाइमनंतर..."

आणि कावळा आला.

मेपलचं झाड आहे मागं, त्याच्यावरनं सरळ उतरला. वाट बघणं नाही, मान तिरकी करणं नाही, आला आणि चोच मारली. मी उठलोच. "ए, थांब," म्हटलं. "थांब की. दुसरा हाफ राहिलाय." तो एक घास उचलून कुंपणावर जाऊन बसला. मी त्याच्यामागं गेलो, अनवाणी, ओल्या गवतातनं. तो पलीकडच्या घराच्या छपरावर गेला आणि तिथनं गेलाच.

म्हणजे काय समजायचं मी? तिचं मन पिवळ्यांत अडकलेलं नव्हतं? मग इतके महिने मी कुणासाठी बसलो? का नुसतं कुणीतरी येऊन बोलावं एवढंच हवं होतं तिला? मला माहीत नाही. मला एवढंच दिसलं की ती परत उठून गेली. परत शिट्टीच्या आत. दुसऱ्यांदा.

मी परत खुर्चीत येऊन बसलो. उरलेल्या भाताकडं बघून म्हटलं, "जा. मी काय तुझ्यासारखा न्हाई. मी पुरं सांगणार." आणि सांगितलं. हाफटाइमनंतर काटकुळ्यानं गोल मारला, डोक्यानं, त्याच्या डोक्याला चेंडू लागतो हे मला तेव्हाच कळलं. दोन सामन्यांची बेरीज सारखी झाली. जादा वेळेत काही नाही. मग पेनल्ट्या. आपल्या एकानं खांबावर मारली. त्यांचा एक चुकला. शेवटच्याला टकल्या उजवीकडं पडला आणि चेंडू त्याच्या पायाला लागला, हाताला नाही, पायाला, त्याला स्वतःलासुद्धा कळलं नाही. मग आपल्यानं मारली, आणि गेली आत.

"राहिले," मी म्हटलं. "तग धरला त्या बेण्यांनी. एवढं घाण खेळून त्यांनी धरला. तुला जमलं न्हाई."

मागं दार वाजलं. पोरगा उभा होता, हातात दोन कप. मला वाटलं आता परत प्लीज बाबा सुरू होणार. त्यानं चहा माझ्या हातात दिला, भाताकडं बघितलं, आणि पायरीवर बसला.

"पायाला नव्हता लागला," तो म्हणाला. "गुडघ्याला लागला. मी जिन्यातून बघत होतो."

"पायालाच," मी म्हटलं.

"गुडघ्याला, बाबा. रीप्ले दाखवला दोनदा."

तिच्यासमोर मला खोटं पाडलं त्यानं. मी त्याला म्हटलं, मग तूच सांग तिला, पहिल्यापासनं सांग.